सागवानी ‘नार्डी’च्या जनकास खुले पत्र

प्रति,
श्री. स्टीअरिंगसम्राट,
मु. पो. पत्र्याची शेड, कल्याण-शीळ रस्ता.



सर्वप्रथम आपलं अभिनंदन. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याला आयुष्यभरात जे जमलं नाही, ते आपण एका पावसाळ्यात करून दाखवलंत. फियाटला कंपनीचं लाकडी स्टीअरिंग मिळवून दिलंत. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, तेव्हा मोटारी बनवायच्या नादात बिचाऱ्यांचं सुतारकाम राहून गेलं होतं. ते आपल्या हातून पुरं झालं, योग असतो एकेकाचा.

या कर्तृत्वाची ओळख मला झाली ती आमच्या नौपाड्यातल्या काकांमुळे. काका आमच्याच इमारतीतले. गाडी १९७१ ची फियाट डिलाइट, मालक पहिल्या दिवसापासून तेच. रविवारी उजाडताना मासुंदा तलावाला एक फेरी मारायची आणि गोखले रोड जागा व्हायच्या आत गाडी परत आणून झाकायची, असा त्यांचा नेम. या काकांना आपण पस्तीस हजार रुपयांना एक लाकडी स्टीअरिंग विकलंत. विकताना आपण जे जे बोललात, ते त्यांनी मला जसंच्या तसं ऐकवलं. आधी म्हणालात, डिलाइटच्या ‘डीलक्स’ मॉडेलला हे कंपनीतूनच यायचं. मग मागचा शिक्का दाखवून म्हणालात, अस्सल नार्डी, इटली, १९५८. आणि काका पैसे काढेनात असं दिसल्यावर म्हणालात, डोंबिवलीची प्रीमियर बंद पडली तेव्हा स्टोअरमधून निघालेला हा शेवटचा नग. एका चाकाला तीन कुळं! स्थळं जुळवणारे मध्यस्थसुद्धा एवढं धाडस करत नाहीत.

तर आता कुळशील तपासू या.

कंपनीचं म्हणाल, तर १९५४ ची मिलेचेन्तो, जिला आपल्याकडे सगळे लाडाने डुक्कर फियाट म्हणतात, तिथपासून १९६४ ची डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि १९७४ पासूनची पद्मिनी, यांतल्या एकाही गाडीला कुर्ल्याहून लाकडी चाक लागून आलेलं नाही. काकांच्या डिलाइटला होतं ते पोलादी कड्यावर ओतलेलं कडक प्लास्टिक, दोन स्पोक आणि हॉर्नची चकचकीत कडी. उन्हात राहून राहून ते प्लास्टिक तडकायचं, भेगांत एम-सील भरायचं, वरून रेक्झिनचं कव्हर चढवून दोरीने शिवायचं. ज्यांच्या घरी फियाट नांदली त्यांना हे सांगायला नको. ॲम्बॅसेडरवाल्यांचंही वेगळं नव्हतं. लाकडी चाक तेव्हा बसवत ते हौशी लोक, बाजारातून आणून, पदरमोड करून. असं त्या काळी हौसेने बसवलेलं चाक आज कुणाकडे असेल तर त्यालाही मान आहे, किंमतही आहे. पण ते कंपनीचं ठरत नाही, आणि ज्याच्याकडे खरोखर आहे तो तसं म्हणतही नाही.

डोंबिवलीच्या स्टोअरची गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. कल्याण-डोंबिवलीकराची दुखरी नस आपण बरोबर हेरलीत. शीळ रस्त्यावर पत्ता सांगताना ‘प्रीमियर’चं नाव अजून घेतलं जातं, कारखाना गेला तरी. बाहेरगावच्या गिऱ्हाइकाला ही थाप मारली असती तर चालूनही गेली असती. पण आमच्या भागात त्या कारखान्यात काम केलेली माणसं अजून आहेत हो! इथून नव्वदच्या दशकात प्युजो ३०९ बाहेर पडत होती. कामगारांचे तंटे, मग परदेशी भागीदाराचं निघून जाणं, आणि काही वर्षांतच तो खेळ आटोपला. फियाट जुळायची कुर्ल्याला. प्युजोच्या स्टोअरमध्ये १९५८ चं इटालियन चाक काय करत होतं, हे फक्त तिथला स्टोअरकीपर सांगू शकेल, आणि त्याची नेमणूक आपण केलेली असल्यामुळे तो आम्हाला भेटत नाही.

राहता राहिला नार्डी. एन्रिको नार्डी कोण, हे आपल्याला ठाऊक असायचं कारण नाही. त्याचं नाव कोरायला शेजारच्या गाळ्यात लेसरचं मशीन आहे, तेवढं धंद्याला पुरतं. तरी सांगतो. १९०७ चा जन्म, बोलोन्याचा. एन्झो फेरारीने स्वतःच्या हिमतीवर बांधलेल्या पहिल्या मोटारीत, १९४० च्या मिले मिलिया शर्यतीत, हा सहचालक म्हणून बसला होता. पुढे तुरीनला स्वतःचं वर्कशॉप. पन्नासच्या दशकात तिथून लाकडी चाकं निघू लागली आणि फेरारीच्या २५० मालिकेतल्या गाड्यांवर चढली. १९६६ साली नार्डी गेला, पण त्याच्या नावाची चाकं आजही इटलीत बनतात. म्हणजे नार्डी लिहिलेलं चाक खरं असूनही जुनं नसेल, असंही होऊ शकतं. आपल्या चाकाने ती गुंतागुंत ठेवली नाही. ते दोन्ही नाही.

काकांच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही चाक उपडं घातलं. हत्यारं घरचीच. फ्रिजवरचा अष्टविनायकाचा चुंबक काढून स्पोकला लावला, तर बाप्पा जे चिकटले ते सोडेनात. नार्डीचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम चुंबकाला दाद देत नाही. आपले स्पोक पोलादी पत्र्याचे, वर क्रोमचा हात फिरवलेला.

मग व्हर्निअर घेतला. मधल्या सहा बोल्टांच्या भोकांपैकी समोरासमोरच्या दोन भोकांच्या केंद्रांमधलं अंतर नार्डीच्या चाकात ७४ मिलिमीटर असतं, मोमोच्या चाकात ७०. आपल्या चाकात भरलं ७०. गंमत अशी की मोमो हे नाव बाजारात आलं तेच साठच्या दशकात. म्हणजे १९५८ साली नार्डीने, अजून जन्मालाही न आलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या मापाची भोकं पाडून ठेवली होती. दूरदृष्टी म्हणतात ती हीच! आम्ही क्षुद्र बुद्धीने असा तर्क केला की चाक दांड्याला जोडणारं जे बॉस किट आपल्याला स्वस्तात मिळालं, त्याच्या मापाने आपण भोकं पाडलीत. शिक्क्यातल्या इटलीच्या स्पेलिंगमधला ‘ए’ गायब आहे, त्याबद्दल मी बोलत नाही. शीळफाट्याच्या खड्ड्यांत काय काय पडतं.

लाकडाच्या बाबतीत मात्र आपल्या सुताराला दंडवत. लाकडाचं कडं अखंड फळीतून कापून काढता येत नाही असं नाही, पण ते टिकत नाही. फळीतले रेषे सरळ धावतात आणि कडं वळतं, त्यामुळे दोन जागी रेषे आडवे येतात आणि तिथेच ते एक दिवस मोडतं. म्हणून जाणते कारागीर कमानीसारखे तुकडे कापून एकमेकांत सांधतात, नाहीतर पातळ पट्ट्या वाकवून एकावर एक चिकटवतात. भिंगाखाली कडं सावकाश फिरवलं की सांधे सापडतात. जिथे सांधा सापडतच नाही आणि रेषांची तीच नक्षी चार बोटांवर पुन्हा येते, तिथे समजायचं की हे लाकूड नाही, लाकडाचं चित्र छापलेली फिल्म आहे. आपल्यावर तो आरोप नाही. सांधे असे बसलेत की नखाला लागत नाहीत. फक्त लाकूड सागवान आहे. मागच्या बाजूला बोटांसाठी पाडलेल्या एका खाचेत आम्ही पॉलिशपेपरचे दोन हात मारले, आणि काकांच्या वडिलांचं कपाट उघडल्यावर जो वास येतो तोच खोलीभर सुटला. त्या काळची युरोपातली चाकं बहुतेक महोगनी, अक्रोड, बीच अशा लाकडांची. इटलीत कुणी कधी सागवानाला हात लावलाच नसेल अशी शपथ मी घेणार नाही. पण कल्याणच्या वखारी आपल्या शेडला तुरीनपेक्षा जवळ आहेत, एवढं मान्य करावं.

आणि ती रिपिटं! जिथे लाकूड सांगाड्याला रिपिटांनी बांधलेलं असतं, तिथे रिपिट पुढच्या लाकडातून शिरतं, धातू पार करतं आणि मागच्या लाकडात निघतं. तिन्ही थर एकत्र धरून ठेवणं हे त्याचं काम, दिसणं दुय्यम. आपल्या चाकाला पुढून रिपिटांची सुरेख माळ आहे आणि मागे टकलासारखं गुळगुळीत. एक रिपिट चाकूच्या टोकाने उचकटलं, तर सोफ्याच्या कडेला ठोकतात तो पितळी टोपीचा खिळा हातात आला. अर्धा इंचही नाही. मग बॉसजवळचं झाकण काढलं. आत दोन काळे स्क्रू, फॉल्स सीलिंगला जिप्सम बोर्ड मारतात ते. १९५८ साली तुरीनमध्ये फॉल्स सीलिंगची कामं जोरात असावीत.

आता आपल्या खऱ्या कलेकडे येतो, म्हणजे चाक म्हातारं करण्याकडे. पॉलिशपेपरने झीज, पोटॅशियम परमँगनेटने तपकिरी छटा, खाचांत मेण आणि काजळी. कष्ट घेतलेत, दिसतंय. पण सम्राट, झीज ही पॉलिशपेपरने होत नाही, सवयीने होते. डिलाइटचा गिअर स्टीअरिंगच्या दांड्यावर, डाव्या हाताला. डावा हात सारखा चाक सोडून गिअरकडे जाणार. चाकावर कायमचा राहतो तो उजवा हात, कोपर खिडकीत टेकवून. म्हणजे इथल्या फियाटचं चाक उजव्या अंगाला जास्त झिजायला हवं. तेच इटलीतल्या गाडीवरून आलेलं असतं तर तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, गिअर उजव्या हाताला, म्हणून झीज डाव्या अंगाला. आपलं चाक घड्याळाच्या बाराही आकड्यांवर सारखंच झिजलं आहे. सहाच्या आकड्यावर हात ठेवून पन्नास वर्षं गाडी हाकणारा हा ड्रायव्हर कोण, त्याची प्रकृती आता कशी आहे, ते कळवावं.

शिवाय लाकूड एवढं जर्जर आणि क्रोम मात्र कालचं! लोखंड आणि टॅनिन असलेलं लाकूड ओलाव्यात वर्षानुवर्षं शेजारी राहिलं की स्क्रूच्या भोवती काळा डाग लाकडात मुरतो, तो पुसता येत नाही. आपला डाग काकूंनी ओल्या फडक्याने पुसला. बूटपॉलिश होतं. २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडल्याच्या बातम्या आल्या होत्या, तेव्हापासून तिथल्या हवेतल्या रसायनांवर माझी अढळ श्रद्धा आहे. पण लाकडाला म्हातारं करून धातूला तरुण ठेवेल असं रसायन तिथेही अजून निघालेलं नाही.

इथपर्यंत मी मजेत लिहिलं. पुढचं मजेत लिहिण्यासारखं नाही. फियाटला पॉवर स्टीअरिंग नसतं. उभ्या गाडीचं चाक वळवायला दोन्ही हातांनी ओढावं लागतं, अंगाचं वजन त्यावर येतं. सागवानात तेल असतं. चिकटवण्याआधी ते थिनरने पुसून काढलं नाही, तर डिंक वरवर धरतो आणि हिसक्याला सुटतो. आपलं कडं स्पोकना धरून होतं ते अशा डिंकावर आणि सोफ्याच्या खिळ्यांवर. टेबलावर आम्ही दोघांनी दोन बाजूंनी नेट लावला, तर एका स्पोकपासून ते अर्धं बोट उचललं गेलं. हेच मुंब्रा बायपासच्या उतारावर, मागे कंटेनर असताना झालं असतं तर? जुनेपणाच्या थापेने पैसे जातात. या कामाने माणूस गेला असता, आणि नुसता गाडीतलाच नव्हे.

काकांना हे चाक कशासाठी हवं होतं, तेही ऐका. १५ जुलै २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी आणि ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळण्याची सोय झाली. नव्या नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि तपासायला राज्याची समिती. काकांची गाडी त्या वयात बसते. मूळ रूपात, ही अट वाचून काकांना त्या एम-सील भरलेल्या तडकलेल्या प्लास्टिकची लाज वाटली, आणि आपण त्यांना ‘मूळ’ लाकडी चाक दाखवलंत. समितीपुढे गाडी घेऊन जाणारा माणूस स्वतःच्या हाताने गाडीतली मूळ वस्तू काढतो आणि खोटी बसवतो, त्यासाठी वर पस्तीस हजारही मोजतो. एवढं परिपूर्ण काम आमच्या पाहण्यात दुसरं नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, तेव्हापासून फियाटच्या दाराच्या हँडलपासून मीटरपर्यंत सगळ्याला भाव आला. त्यात नकला येणारच, आणि नक्कल करण्यात मला पाप दिसत नाही. इंग्लंडात, इटलीत जुन्या धर्तीची लाकडी चाकं आजही नवी बनवून, नवी म्हणून विकली जातात. लोक रांगेने घेतात. पलीकडच्या उल्हासनगरला आपण सगळे ‘मेड इन यूएसए’वरून हसत आलो, पण तिथे नकलेला भाव नकलेचाच लागायचा आणि देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांना ते माहीत असायचं. आपण भाव अस्सलचा लावता. खरं तर त्या सुताराला पोलादी कडं आतून घालायला लावा, रिपिटं आरपार ठोकायला लावा, मागे त्याचं नाव, ‘डोंबिवली’ आणि चालू साल कोरा, आणि रास्त किमतीला विका. पहिलं चाक मी घेतो, हे लेखी देतो. पण त्यात नफा चार पैशांचा आणि नाव सुताराचं, तेव्हा आपल्याला ते पटेल असं वाटत नाही.

आता व्यवहाराचं. बिल आपण दिलं नाहीत, ते हुशारीने. पण पैसे यूपीआयने घेतलेत, आणि ‘१०० टक्के ओरिजिनल, कंपनी फिटेड’ हे काकांच्या व्हॉट्सॲपवर आपल्याच नंबरवरून आलेलं आहे, सोबत अंगठा आणि दोन गुलाबांसकट. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे खोटी वस्तू अस्सल म्हणून विकणं तक्रारीला पात्र आहे. बिल न देणं हीसुद्धा त्यात अनुचित व्यापारी प्रथाच. तक्रार ग्राहक राहतो तिथल्या जिल्हा आयोगात करता येते, म्हणजे काकांना ठाण्याबाहेर पाऊल टाकायला नको. मुदत दोन वर्षांची, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. काकांनी बँकेत नोकरी केली आहे. कागद जमवण्यात त्यांना वेगळाच आनंद मिळतो, हे आपल्या माहितीसाठी.

पस्तीस हजार पंधरा दिवसांत परत करावेत. लाकडी चाक आम्ही सुटं करून ठेवलं आहे, खिळे वेगळ्या पुडीत.

आणखी एक वस्तू आपल्याकडे राहिली आहे. चाक बदलताना काकांचं जुनं प्लास्टिकचं स्टीअरिंग आपण ‘भंगारात कोण घेणार, पाचशे देतो’ म्हणून काढून घेतलंत. आमच्या एका फियाटवाल्या मित्राला परवा आपण तेच दाखवलंत, ‘जेन्युइन कुर्ला फॅक्टरी पीस’ म्हणून, आठ हजार किंमत सांगून. या वेळी आपण खरं बोललात. आपल्या शेडमधली ती एकच वस्तू अस्सल आहे, आणि ती काकांची आहे. आपले पाचशे रुपये वळते करून घ्या आणि ती परत पाठवा.

कळावे, लोभ नसावा.

आपला,
काकांचा शेजारी, नौपाडा, ठाणे

ता. क. : दुसरं कुठलं तरी चाक पाठवून भागेल असं मनात आणू नका. काकांच्या चाकावरची हॉर्नची कडी डाव्या टोकाला किंचित वाकलेली आहे आणि उजव्या स्पोकच्या मुळाशी एम-सीलचा करडा ठिपका आहे. फोटो आमच्याकडे आहेत.